तुझ्या ताईचा रेडिमेड कॉम्प्युटर

प्रिय शालकबुवा,

तुझ्या दाजीचा नमस्कार. (वयाने मी मोठा, तेव्हा खरं तर आशीर्वाद लिहायला हवा. पण या पत्रात पुढे जे कबूल करायचंय ते पाहता आशीर्वाद देण्याइतकी माझी पत उरणार नाही, म्हणून आधीच नमस्कार करून ठेवतो.)

गुडघा कसा आहे? आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला म्हातारपणी डॉक्टरने जिने चढायला सांगावं, हा मला अजूनही या वर्षातला सगळ्यात चांगला विनोद वाटतो. तुझ्या सौभाग्यवतींची पाठ काय म्हणते? मी ठणठणीत आहे. दात सगळे स्वतःचे आहेत (कवळ्या बनवणाऱ्याने हे चारचौघांत सांगू नये, गिऱ्हाइकाचा विश्वास उडतो). सकाळी लॅबमध्ये जातो, दुपारपर्यंत चार-पाच कवळ्या घासतो, घरी येऊन कपड्यांवरचं प्लॅस्टर झटकतो. झटकायचं राहिलं तर आता कोणी ओरडत नाही, त्यामुळे बहुतेक वेळा राहतंच.

तुझी ताई गेल्याला दहा महिने झाले. या दहा महिन्यांत आपण फोनवर तीनदा बोललो. पहिल्यांदा तू विचारलंस, जेवलात का, आणि मी हो म्हणालो. दुसऱ्यांदा मी तेच तुला विचारलं. तिसऱ्यांदा दोघांनी मिळून हवेला नावं ठेवली आणि हवा संपल्यावर फोन ठेवला. म्हणून यावेळी कागद घेतलाय. कागदावर निदान समोरच्याचा खाकरण्याचा आवाज येत नाही.

विषय कॉम्प्युटरचा आहे. दचकू नकोस.

तीन वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ तू विसरला नसशील. ताई शाळेतून निवृत्त झाली होती, चित्रकलेच्या वह्या तपासायच्या संपल्या होत्या आणि तिला कॉम्प्युटरवर ती त्रिमिती चित्रं करायचा नाद लागला होता. तू एका कागदावर सुट्या भागांची यादी घेऊन आलास. लिफ्टच्या दारावर ‘क्षमतेपेक्षा जास्त माणसांनी चढू नये’ असं लिहितात ना, तशा ठसठशीत अक्षरांत. हा बोर्ड, हा प्रोसेसर, हे कार्ड, एवढ्या ताकदीचा पॉवर सप्लाय. म्हणालास, रविवारी येतो, दिवसभरात जोडून देतो, ताईला जन्मभर पुरेल. आणि मी काय सांगितलं? की मी कालच दुकानात जाऊन तयार मशीन सांगून आलोय. (ही पहिली कबुली. मी सांगून आलो नव्हतो. तुझी यादी बघितल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबला दांडी मारून गेलो. टायवाल्या विक्रेत्याने मला खोक्याचा रंग दाखवला, पुढच्या बाजूचा लाल दिवा दाखवला, आणि मी हो म्हणालो. एवढ्या कमी चौकशीत मी कधी चप्पलसुद्धा घेतली नाही.)

का केलं असेल मी असं? तेव्हा कोणी विचारलं असतं तर वॉरंटी, सर्व्हिस, एकाच कंपनीची जबाबदारी असं बरंच बोललो असतो. बोललोही. खरं कारण एवढंच की या घरात तिला जे जे लागलं ते तू आणून दिलं होतंस. तिची सायकल तू जुळवलीस, शिलाई मशीनला मोटर तू बसवलीस, भिंतीवरचं घड्याळसुद्धा तुझं. तिने एखादी वस्तू वापरताना माझी आठवण काढावी असं मला एकदा वाटलं. बास. यात मोठेपणा काही नाही, पण लिहून टाकतो.

त्यावर तू जेवता जेवता म्हणालास, “दाजी, तुम्ही आयुष्यभर लोकांना मापाच्या कवळ्या करून दिल्यात. आणि माझ्या बहिणीला दुकानातली तयार कवळी बसवताय?”

वाक्य इतकं अचूक होतं की मला राग आला. मी म्हणालो, “लिफ्टवाल्याला वर आणि खाली यापलीकडे काय कळतं?” तू ताट सरकवून उठलास. ताई आधी हसली आणि मग तुझ्या मागे जिन्यापर्यंत गेली. परत आल्यावर मला एवढंच म्हणाली, “तुम्ही दोघांनी मिळून कधी एखादा पंखा तरी दुरुस्त केलाय का?” आणि भांडी घासायला घेतली, पाळी माझी असताना. त्या लिफ्टवाल्या वाक्याबद्दल मी तुझी माफी मागतो. तीन वर्षं उशीर झाला. पण या घरात सध्या सगळंच उशिरा होतंय.

आता तुला जे सांगायचं नाही असं मी तिला वचन दिलं होतं, ते सांगतो.

तुला वाटत होतं ती बागेची चित्रं करतेय. बाग वगैरे काही नव्हती. ती पंपहाउसमागच्या तुमच्या दोन खोल्या करत होती. तुमच्या वडिलांना पाणीपुरवठ्यातल्या नोकरीत मिळालेल्या, जिथे तुम्ही दोघं वाढलात आणि जिथून आता सहापदरी रस्ता जातो. एकही फोटो नाही, तरी तिने सगळं आठवून बांधलं. वीत न् वीत. दाराचा खालचा कुजलेला कोपरा, तुझी उंची मोजायच्या रेघा, आईच्या पलंगाखालची पत्र्याची पेटी. आणि चुलीवरच्या फळीवर पाण्याचा ग्लास. पंप चालू असला की तुमच्या घरातली जमीन दिवसरात्र थरथरायची म्हणे, आणि त्या ग्लासातल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठायची. ती वर्तुळं जमेपर्यंत तिने एक अख्खा महिना घालवला. मी विचारलं, एवढ्याशा पाण्यासाठी? ती म्हणाली, “बारक्या ते बघत बघत झोपायचा.”

तीन मिनिटांची फिल्म होणार होती. दारातून आत जायचं, दोन्ही खोल्या फिरायच्या, मागच्या दारातून बाहेर. तुझ्या साठाव्या वाढदिवसाला द्यायची होती.

माझ्या त्या लाल दिव्याच्या मशीनला त्या फिल्ममधलं एक चित्र काढायला अकरा मिनिटं लागायची. चित्रं लागणार होती चार हजार तीनशे वीस. गुणाकार तू करशीलच. ती बटण दाबायची आणि हात मांडीवर ठेवून बसायची. चित्र चौकोना-चौकोनाने उमटतं, वरच्या कोपऱ्यापासून. तेवढ्यात ती मोज्यांच्या जोड्या लावायची, नखं कापायची. काही चुकलं असेल तर दुरुस्ती करून पुन्हा अकरा मिनिटं. शेवटच्या महिन्यांत खुर्चीत बसवेना तेव्हा मी पलंग पडद्यासमोर ओढला. तिचे डोळे मिटलेले असायचे. विचारायची, “आली का खिडकी?” मी सांगायचो, “अजून नाही, फळीपर्यंत आलंय.” एकदाही म्हणाली नाही की बारक्याचं मशीन असतं तर. तू बनवलं असतंस तर चार दिवसांत झालं असतं, हे मला नंतर कळलं. तिला आधीपासून माहीत असणार.

ती सुटी सुटी चित्रं बघून गेली. फिल्म तिने पाहिली नाही.

तर मी ठरवलं, आता आपण हे पूर्ण करायचं, आणि तुझ्या वाढदिवसाच्या आत करायचं. हिशेब केला तर दिवस कमी पडत होते. तेव्हा माझ्या वाचनात ओव्हरक्लॉकिंग आलं. म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा मशीनला जास्त पळवायचं. (तुला मी हे समजावून सांगतोय! पण आता लिहिलंय तर राहू दे.) मला वाटलं, वा, हे सोपं आहे. मशीन चालू करताना एक कळ दाबली की आतल्या सेटिंगचा निळा पडदा येतो, तिथे वेग वाढवायचा. कळ दाबली. निळा पडदा आला. कंपनीने त्यातलं सगळं कुलूप लावून ठेवलेलं. बदलता येण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या, तारीख आणि वेळ. म्हणजे कॉम्प्युटर पळवता येत नव्हता, घड्याळ तेवढं पळवता येत होतं. मी एकदा तारीख दीड वर्षं मागे नेऊन पाहिली. मग पुन्हा जागेवर आणली.

पण चित्रं काढणारं जे कार्ड असतं त्याचा वेग वाढवायला एक छोटा प्रोग्रॅम मिळतो. त्यात एक दांडी असते, उजवीकडे सरकवायची. मी केसभर सरकवली. अकरा मिनिटांचं चित्र पावणेअकरात आलं! मी उठून खोलीत एक फेरी मारली. आणखी सरकवली. सव्वादहा. मला वाटू लागलं की मी चुकीच्या धंद्यात आयुष्य घालवलं. मग मशीनमधल्या पंख्याचा आवाज असा चढला की खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका वर आल्या आणि म्हणाल्या, तुमचे केस तर इतके नाहीत, मग एवढा वेळ वाळवताय काय?

मशीन तापत होतं. मी पुढची जाळी पाहिली, तर ती जाळी नव्हतीच. वरून भोकांचं चित्र, मागे सपाट प्लॅस्टिक. रंगवलेल्या नाकपुड्या! एवढी वर्षं ते खोकं बिचारं श्वास कोंडून काम करत होतं. मी बाजूचा पत्रा काढला आणि समोर टेबलफॅन लावला. मग वाटलं, प्रोसेसरची उष्णता बाहेर काढायला त्यावर जी पेस्ट लावतात ती वाळली असेल, तीही बदलावी. आता पेस्ट म्हटली की माझा हात सढळ. लोकांच्या जबड्यांची मापं घेण्यात जन्म गेलेला, मी ती वरपासून खालपर्यंत नीट थापली आणि काठ बोटाने गुळगुळीत केले. (ती म्हणे वाटाण्याएवढी लावायची असते. हे ट्यूबवर इतक्या बारीक अक्षरांत लिहिलं होतं की मुंगीनेही चष्मा मागितला असता.) आणि रोज दुपारी लॅबमधून आलो की तसाच, प्लॅस्टरच्या कपड्यांनी, त्या उघड्या मशीनसमोर बसायचो. टेबलफॅन माझ्या मागे, म्हणजे कपड्यांवरची सगळी धूळ थेट मशीनच्या पोटात.

चोवीस दिवस चाललं. मी दांडी रोज थोडी सरकवत राहिलो. चोविसाव्या दिवशी दुपारी जेवायला बसलो होतो, तोंडात घास होता आणि आवाज थांबला. मुख्याध्यापिकांनी खालून विचारलं, सगळं बरं आहे ना? वास आला, लॅबमध्ये मेण जास्त तापलं की येतो तसा. पॉवर सप्लाय गेला होता. पण त्याचं मला काही वाटलं नाही. तीन हजारांवर चित्रं झाली होती, उरलेली नंतर करू असं मी समजत होतो.

मी बाजारात गेलो तर कुठलाच पॉवर सप्लाय बसेना. कंपनीच्या बोर्डाची पिन वेगळी, खाच वेगळी, स्क्रूची भोकं जगात कुठे नसतील अशा जागी. दुसऱ्या खोक्यात बोर्ड हलवावा म्हटलं तर तो तिथेही बसेना. ते मशीन कुणाच्याच तोंडाला बसणारं नव्हतं. त्या काउंटरवर तुझं वाक्य मला अक्षरशः ऐकू आलं आणि मी मोठ्याने म्हणालो, “हो, कळलं!” दुकानदाराने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं.

शेवटी कोणीतरी एका दुरुस्तीवाल्या बाईंकडे पाठवलं. चष्मेवाल्याच्या वर एक खोली, भिंतभर छोटे खण, प्रत्येकावर चिठ्ठी. पन्नाशीच्या असतील. त्यांनी मशीन उघडलं, प्रोसेसर पाहिला आणि विचारलं, “हे लोणी कोणी थापलंय?” मी म्हणालो, आधीच्या मेकॅनिकने. त्यांनी माझ्या नखांतलं प्लॅस्टर पाहिलं आणि पुसायला चिंधी घेतली. भंगारातून त्याच कंपनीचा जुना सप्लाय शोधून बसवला. मशीन सुरू झालं. मी फिल्म उघडायला सांगितली. ती उघडेना.

मी सगळी चित्रं थेट एका फिल्मच्या फाइलमध्ये काढायला लावली होती. ती फाइल पूर्ण होण्याआधी मशीन बंद पडलं की आतलं सगळंच जातं. चित्रं सुटी सुटी साठवायची असतात आणि शेवटी जोडायची असतात. म्हणजे मध्ये काही झालं तरी केलेलं वाया जात नाही. ताई तसंच करायची. मला ते वेळखाऊ वाटलं होतं.

मी त्या बाईंच्या स्टुलावर बसलो. त्यांनी ताईचं काम उघडून नीट पाहिलं. म्हणाल्या, “घर सुरेख बांधलंय. पण वेळ सगळा हा फळीवरचा ग्लास खातोय. काच, त्यात पाणी, पाण्यात हलणारा उजेड. तो काढून टाका, निम्म्या वेळात होईल.”

“तो नाही काढता येणार,” मी म्हणालो.

“एक ग्लास तर आहे. कुणाच्या लक्षातही येणार नाही.”

मग मी त्यांना पंपाचं सांगितलं. जमीन थरथरायची ते, आणि तू ते बघत झोपायचास ते. परक्या बाईला मी एवढं कधी बोललो नव्हतो. तुलाही बोललो नव्हतो. त्यांनी ऐकून घेतलं, माझी ती दांडी सरकवून पार डावीकडे आणली, कंपनीने दिली होती तशी, आणि म्हणाल्या, “राहू दे मग ग्लास. हे आता याच्या चालीने चालू दे. तुम्ही मध्ये हात घालू नका.”

या सगळ्यात तुझा साठावा वाढदिवस येऊन गेला. मी फोनही केला नाही. तुला वाटलं असेल, दाजी विसरले. विसरलो नव्हतो. देण्यासारखं हातात काही नव्हतं आणि नुसत्या शुभेच्छा द्यायला तोंड होईना.

तेव्हा हा माझा लेखी कबुलीजबाब. तयार मशीन घेऊन ते पळवत बसण्यापेक्षा पहिल्यापासून आपल्या गरजेचं जुळवून घ्यावं, हे तुझं म्हणणं सोळा आणे खरं होतं. हवं तर चौकट करून भिंतीवर लाव. तुझी ती यादी मी फेकली नव्हती, पण ताईने कुठे ठेवली ते सापडत नाही. नवीन करून आण आणि एखादा दिवस काढून मला मशीन जोडून दे. स्क्रू मी पकडेन, पेस्ट तू लाव.

घरातल्या मंडळींना माझा नमस्कार सांग. गुडघ्याला जप.

तुझा,
दाजी

ता. क. यादी करू नकोस. सुटे भाग आणू नकोस. वर मी मशीन जोडून मागितलं ते असंच, पत्राला काहीतरी कारण हवं म्हणून. फिल्म झाली. मी हात घातला नाही. लॅबमधून आलो की आधी कपडे बदलायचो आणि लांब पलंगावर बसायचो. कंपनीच्या वेगाने, तेहतीस दिवसांत, गेल्या मंगळवारी शेवटचं चित्र आलं. जोडून द्यायला दुरुस्तीवाल्या बाई घरी आल्या होत्या. जोडून झाल्यावर त्या चहा न घेता निघाल्या. म्हणाल्या, हे तुम्ही तुमचं बघा.

ता. क. २. मी पाहिलेली नाही. सुरू केली होती. आधी काळ्या पडद्यावर तिच्या अक्षरात ‘बारक्यासाठी’ असं येतं, आणि मग दार. दारापर्यंत पाहून बंद केली. घर तुमचं आहे. माझ्याने एकट्याने आत जाववेना.

ता. क. ३. तुझं मशीन घेतलं असतं तर तिला ही बघायला मिळाली असती. चित्रं बागेची समजून का होईना, तिचं काम माझ्या मशीनपायी अपुरं राहिलं हे तुला ती गेली त्या दिवसापासून माहीत आहे आणि तू मला एकदाही म्हणाला नाहीस. मला वाटतं म्हणूनच तुझे फोन लवकर संपतात, आणि म्हणूनच मला ते लवकर संपलेले बरे वाटतात. तू ये. आल्यावर ते एकदा माझ्या तोंडावर बोल, हवं तेवढं बोल, मी मध्ये वॉरंटी काढणार नाही. मग आपण बघू. तीन मिनिटांचीच आहे. रविवारी ये. शनिवारी आलास तरी चालेल.